घाबरणाऱ्याची जागा

'झपाटलेला' हा मुळात पोलीस तपासाचा सिनेमा आहे, असं म्हटलं की लोक हसतात. पण बघा. सुरुवातीलाच तात्या विंचू नावाचा गुन्हेगार मरायला टेकतो आणि मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. मग खून पडतो, संशय भलत्याच माणसावर जातो आणि इन्स्पेक्टर महेश जाधव माग काढत राहतो. रहस्यकथेला लागणारा सगळा ऐवज इथे हजर आहे. फक्त खुनी कोण हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असतं, आणि पडद्यावर ज्या एकाला ते कळलेलं असतं त्या लक्ष्यावर (लक्ष्मीकांत बेर्डे) कुणी विश्वास ठेवत नाही. सगळं हसू या एका अडचणीतून निघतं.

आमच्या कुंभार पिंपळगावात १९९३चा हा सिनेमा लोकांना थिएटरातून भेटलेला नाही. आधी भाड्याचा व्हिडिओ, मग दूरदर्शन, २००७नंतर झी टॉकीज आणि आता मोबाइल. मोठा पडदा बघायचा तर जालना गाठावं लागतं. त्यामुळे घनसावंगी तालुक्यातला प्रेक्षक असा सिनेमा सलग कमी आणि तुकड्यातुकड्याने जास्त बघतो, आणि त्याचा निवाडाही तुकड्यांवरच होतो. विचारून बघा. इन्स्पेक्टरने गुन्हेगार कसा पकडला हे फारसं कुणाला आठवत नाही. लक्ष्या बाहुल्याला बघून कसा भ्यायला, हे शाळकरी पोरसुद्धा करून दाखवतं.

दिग्दर्शक महेश कोठारे यांनी इन्स्पेक्टर ही भूमिका स्वतःकडे ठेवली. 'थरथराट' (१९८९) असो की 'झपाटलेला', हा माणूस सरळ, शूर आणि थोडा कंटाळवाणा आहे. 'डॅम इट' एवढाच त्याचा विनोद. हे मी दोष म्हणून सांगत नाही. कुणीतरी ताठ उभं राहिलं तरच शेजारचा लटपटताना दिसतो. आणि लटपटण्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा हात धरणारा कुणी नव्हता. 'टूर टूर'सारख्या नाटकातून आलेला हा नट समोरच्या प्रेक्षकाचा श्वास ओळखून थांबायला शिकला होता. त्याचं भिणं तीन टप्प्यांत यायचं: आधी आपण भ्यालोच नाही असा आव, मग त्या आवाला टेकू द्यायला एखादी थाप, आणि थाप पुरी होण्याआधीच दगा देणारं शरीर. समोर रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज. म्हणजे प्रतिसाद देणारा चेहरा समोर नाहीच. तरी बाहुला जिवंत वाटतो, कारण लक्ष्या त्याला खरोखर भितो. तात्या विंचूचं निम्मं श्रेय बेर्ड्यांना द्यायला हवं, असं माझं मत आहे.

१६ डिसेंबर २००४ला बेर्डे गेले. ७ जून २०१३ला 'झपाटलेला २' आला, तोही थ्रीडीत. नवा नायक दिग्दर्शकाचेच चिरंजीव आदिनाथ कोठारे, भूमिका लक्ष्याच्या मुलाची. जुना इन्स्पेक्टर आता वरच्या हुद्द्यावर. तंत्र नेटकं, बाहुला पूर्वीपेक्षा चपळ. पण आदिनाथ देखणे आहेत, धीट आहेत, आणि त्यांचं पात्र संकटाला नायकासारखं सामोरं जातं. म्हणजे ताठ उभे राहणारे आता दोघं झाले, आणि लटपटणाऱ्याची जागा रिकामी राहिली. मग हसवण्याचं काम बाहुल्यावर पडलं. बाहुला एकटा किती हसवणार?

मला जास्त चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच सिनेमात मकरंद अनासपुरे होते, दुय्यम भूमिकेत. मराठवाड्याच्या बोलीला मराठी पडद्यावर नायकाच्या खुर्चीत बसवणारा हा नट. त्याने २००५मध्ये 'कायद्याचं बोला'त केशव कुंथलगिरीकर हा वकील उभा केला होता. खुनाचा खटला, पोरं नाहक अडकलेली, आणि कोर्टाची रीत नीट न कळणारा हा गडी आपल्या अडाणी वाटणाऱ्या प्रश्नांनी सत्य बाहेर काढतो. मूळ बेत 'माय कझिन विनी' या हॉलिवूडपटाचा, पण भाषा आणि ढंग इथला. विनोदी शोधक म्हणतात तो हाच. लक्ष्याच्या खुर्चीवर दावा सांगू शकेल असा माणूस सेटवर हजर असताना खुर्ची घरातल्या घरात दिली गेली.

जुन्या पात्राचा 'मुलगा' आणण्याची युक्ती फक्त आपल्याकडचीच नाही. पीटर सेलर्सचा इन्स्पेक्टर क्लूझो घ्या. 'द पिंक पँथर' (१९६३) हा खरं तर डेव्हिड निव्हनचा सिनेमा. क्लूझोसाठी आधी पीटर उस्तिनोव्हला घेतलं होतं, तो ऐनवेळी निघून गेला म्हणून सेलर्स आला, आणि पुढची मालिका त्याने गिळून टाकली. १९६८मध्ये अ‍ॅलन आर्किनला घेऊन एक सिनेमा झाला, तो लोकांनी मनावर घेतला नाही. १९८०मध्ये सेलर्स वारल्यावर दोन वर्षांनी त्याच्या जुन्या, वगळलेल्या दृश्यांची जोडाजोड करून सिनेमा काढला. त्याच्या विधवेने निर्मात्यांना कोर्टात खेचलं आणि ती जिंकली. पुढे १९९३मध्ये, म्हणजे 'झपाटलेला'च्याच वर्षी, रोबेर्तो बेनिन्यी क्लूझोचा मुलगा होऊन आला आणि पडला. स्टीव्ह मार्टिनच्या दोन सिनेमांनी (२००६, २००९) गल्ला बरा जमवला, पण तो क्लूझो आज कुणाच्या लक्षात आहे? क्लूझो शोधकही आहे आणि विदूषकही. नट बदलला की दोन्ही एकदम जातात.

उलट २०२५च्या 'द नेकेड गन'मध्ये लिआम नीसनही मुलगाच आहे, लेस्ली नील्सनच्या फ्रँक ड्रेबिन या पोलिसाचा. तिथे मात्र ते चाललं. ड्रेबिन भीत नाही, आपण विनोदी आहोत हे त्याला माहीतच नसतं. गंमत त्याच्या आजूबाजूला घडते आणि ती लिहिलेली असते. गंभीर चेहऱ्याचा नट मिळाला की काम भागतं.

बंगालचा दाखला सगळ्यात बोलका आहे. सत्यजित राय यांच्या फेलूदा या शोधकाला सौमित्र चॅटर्जी यांच्यानंतर सब्यसाची चक्रवर्ती मिळाले, पुढे आबीर चॅटर्जी मिळाले, आणि कुरकुर करत का होईना, लोकांनी ते स्वीकारले. पण १९८८मध्ये संतोष दत्त वारले, तेव्हा आता फेलूदाचा सिनेमा आपण करणार नाही, असं राय यांनी ठरवलं. संतोष दत्त शोधक नव्हते. ते जटायू होते, फेलूदाबरोबर हिंडणारे, सतत दचकणारे लेखक. (त्याआधी दूरदर्शनच्या हिंदी फेलूदात शशी कपूरबरोबर जटायू झाले होते आपले मोहन आगाशे, हे फार थोड्यांना आठवत असेल.) तपास करणारा बदलता येतो. घाबरणारा गेला की राय यांच्यासारखा माणूसही हात टेकतो.

मराठीत पुस्तकातून आलेला एकच शोधक दोनदा पडद्यावर नीट उभा राहिला, तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी तो केला आणि २०१७मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या सिनेमात अमेय वाघ यांनी. फुरसुंगीचा सायकलवाला पोरगा इथे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतला घोटाळा शोधतो. अमेयने फेणेचं ठेवणीतलं 'ट्टॉक्' जपून वापरलं आणि सुमीतची नक्कल करण्याच्या भानगडीत पडला नाही. फेणे कागदावर आधीच घडलेला असल्याने नटाला त्याची गरजही नव्हती. तिरकं बोलायचं तर त्या सिनेमात हसू कमी आणि धावपळ जास्त होती, आणि गिरीश कुलकर्णींचा खलनायक आप्पा नायकापेक्षा जास्त लक्षात राहतो. तरी मालिका चालवायला लागणारा पाया तिथे होता. वर्षं उलटली, दुसरा भाग आलेला नाही.

आता 'झपाटलेला ३'ची चर्चा आहे, आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने लक्ष्मीकांत बेर्डे यांना पडद्यावर आणण्याचा विचार खुद्द कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. सेलर्सच्या उरलेल्या रिळांचीच ही नवी आवृत्ती. चेहरा येईल, आवाज येईल. पण थाप मारताना नेमकं कुठे अडखळायचं हे बेर्डे त्या त्या क्षणी ठरवायचे, आणि यंत्राकडे त्यांनी आधी घेतलेल्या निर्णयांचीच बेरीज असणार. कोठारे यांना हे कळत नाही असं नाही. 'पछाडलेला'त (२००४) त्यांनी लक्ष्मीकांत असतानाच भिण्याचं मोठं काम भरत जाधव यांच्याकडे सोपवलं होतं, कुणाचा वारस न बनवता, नव्या नावानं. ते जमलं होतं.

बेर्ड्यांचा मुलगा अभिनय २०१७पासून पडद्यावर आहे. त्याला लक्ष्याचा आणखी एक मुलगा करण्याचा मोह निर्मात्यांना होईल. त्यापेक्षा त्याला 'झपाटलेला'तल्या श्रीरंगपूर गावच्या ठाण्यातला हवालदार करावा, अंबड-घनसावंगीकडून नुकताच बदली होऊन आलेला, भुताला भिणारा आणि साहेबांना त्याहून जास्त भिणारा. बाहुला बोलला हे पंचनाम्यात कसं लिहायचं, इथूनच त्याची पहिली अडचण सुरू होईल.