नटाने लिहिलेली परीकथा : ‘द लँड ऑफ स्टोरीज’ वाचताना

आज आपण जे पुस्तक घेतलंय, त्याच्या मुखपृष्ठावरचं नाव पाहूनच बरेच जण नाक मुरडतात. ते आधी बोलून टाकू. ख्रिस कोल्फर हा अमेरिकन टीव्हीवरचा नट, ‘ग्ली’ मालिकेतला कर्ट हमेल. मालिका २००९ साली सुरू झाली, २०११ मध्ये याच भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळालं, आणि २०१२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याची ‘द लँड ऑफ स्टोरीज : द विशिंग स्पेल’ ही मुलांसाठीची अद्भुतरम्य कादंबरी आली. मालिका तेव्हा चालूच होती. तेव्हा शंका साहजिक आहे, की इथे पुस्तक नाही, चेहरा विकला जातोय. विकला जात असेलही. पण पुस्तक उघडणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला त्याच्याशी काय देणंघेणं? त्याच्यासमोर पान आहे, आणि आपणही पानाशीच बोलू.

गोष्ट थोडक्यात अशी. अ‍ॅलेक्स आणि कॉनर ही जुळी भावंडं. वडील वर्षभरापूर्वी अपघातात गेलेत, त्यांचं पुस्तकांचं दुकान गेलंय, घर गेलंय. आई परिचारिका आहे, जादा पाळ्या करून घर चालवते. बाराव्या वाढदिवसाला आजी एक जुनं, जाडजूड गोष्टींचं पुस्तक देते, आणि दोघं त्या पुस्तकातच पडतात. तिथून परत यायचं तर मंत्र हवा, मंत्राला आठ वस्तू हव्यात : काचेचा बूट, रॅपन्झेलच्या केसांची बट, वगैरे.

हे ‘वगैरे’ आम्ही मुद्दाम म्हणतोय, कारण कादंबरीचा मधला मोठा भाग म्हणजे ही यादीच आहे. एक राज्य, एक वस्तू, एक संकट, सुटका, पुढचं राज्य. इथे टीव्हीची सवय स्पष्ट दिसते. प्रकरण संपताना कुणीतरी दार ठोठावणारच. पात्रं मनातलं सगळं तोंडाने बोलून मोकळी होतात, वाचकाला ओळखायला काही उरत नाही. भीती जरा दाटू लागली की कॉनर विनोद करतो. पडद्यावर चांगला नट हे नुसत्या नजरेने तोलून नेतो, पण कागदावर नजर नसते बरं का, ती वाक्यातून आणावी लागते. ऑडिओबुक कोल्फरने स्वतःच वाचलंय. यातली कित्येक संभाषणं कानाने ऐकण्यासाठीच लिहिल्यासारखी वाटतात.

मग आम्ही हे पुस्तक का निवडलं? त्याच्या पहिल्या प्रकरणाआधीच्या प्रसंगासाठी. स्नो व्हाइट, आपली हिमगौरी, आता राणी झालीय, आणि ती तुरुंगात उतरून सावत्र आईला भेटते. विचारते एवढंच, की का?

आता ग्रिम बंधूंकडे वळून बघा. त्यांच्या कथेत ती राणी तीनदा मारायला येते, कधी नाडीने, कधी फणीने, शेवटी सफरचंदाने. आणि अखेर तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचते. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत तर ती सख्खी आईच होती. सावत्र झाली ती १८१९ मध्ये. म्हणजे ‘का’ हा प्रश्न ग्रिमनाही टोचला असणार, पण त्यांनी नातं बदलून तो मिटवला. कोल्फर तो मिटवत नाही. कारण विचारायचं धाडस तो कुणाला देतो? न्यायाधीशाला नाही, परीला नाही. जिला मारायचा प्रयत्न झाला त्या मुलीलाच देतो. इथे आम्हाला त्याचं नट असणं पथ्यावर पडलेलं दिसतं. खलनायिका करायची तर तिला नेमकं काय हवंय हे आधी शोधावं लागतं, हा नटाचा रोजचा धंदाच.

आणि तिला काय हवंय? तिचा प्रियकर आरशात अडकलाय, त्याला बाहेर काढायचंय. त्यासाठी तिला तोच मंत्र हवा, त्याच आठ वस्तू. मंत्र दोनदाच चालतो, आणि एकदा वापरून झालाय. आता कोडं कसं पडतं बघा. मुलांना घरी जायचंय, तिला गेलेलं माणूस परत हवंय. ज्यांचा बाप गेलाय त्या मुलांना हिची मागणी चूक कशी वाटावी? संधी मात्र एकच उरलीय. शेवटी आरसा उघडतो, पण इतकी वर्षं प्रतिबिंब होऊन राहिलेला माणूस आतून संपलेला असतो. बापाला परत आणण्याचं स्वप्न पाहणाऱ्या बालवाचकाला हे उत्तर फार कडक आहे, आणि लेखक त्यावर साखर पेरत नाही. पुस्तकाची किंमत आमच्या लेखी इथे आहे.

तो हे टिकवतो का? पूर्ण नाही. आजी कोण, वडील मूळचे कुठले, मंत्राची वही कुणाची, हे सगळं शेवटी एका दोरीत इतकं घट्ट बांधलंय की मृत्यूचा घाव थोडा भरूनच निघतो. वडील गेले खरे, पण त्यांचा अख्खा देश मुलांना मिळाला. पुढे मालिका २०१७पर्यंत सहा पुस्तकांची झाली, म्हणजे दार उघडं ठेवणं भागच होतं.

जाता जाता गोल्डिलॉक्सचं सांगायलाच हवं. कोल्फरने तिला तलवार घेतलेली फरार गुन्हेगार केलंय, आणि अनेकांना ही आधुनिक गंमत वाटते. पण रॉबर्ट साउदीने १८३७ साली छापलेल्या गोष्टीत अस्वलांच्या घरात शिरणारी ही सोनेरी केसांची बाळी नव्हतीच. ती एक भटकी म्हातारी होती, आणि तिला पकडून नेलं असेल का, अशी शंका साउदी शेवटी बोलून दाखवतो. गोंडस मुलगी नंतर आली. कोल्फरला हे ठाऊक असो वा नसो, त्याची फरार बाई मूळ म्हातारीच्या जास्त जवळची आहे.

पुढच्या वेळी आपण साउदीची ती गोष्टच घेऊ. तोवर घरात मूल असेल तर त्याला हा तुरुंगातला प्रसंग मोठ्याने वाचून दाखवा, आणि राणी बोलायला लागायच्या आधी जरा थांबून विचारा, ती काय सांगेल असं तुला वाटतं?