ज्ञानलोपाच्या तीन कथा

भावी समाजाच्या अधोगतीचे चित्र रंगविणाऱ्या कादंबऱ्यांत ज्ञानाचा लोप हा विषय वारंवार आढळतो. तथापि ज्ञानाचे वसतिस्थान कोणते, शब्द, ग्रंथ की ते ग्रहण करणारा समाज, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक लेखक निराळे देतो. या दृष्टीने जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९), रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) आणि वॉल्टर मिलरची ‘अ कँटिकल फॉर लिबोविट्झ’ (१९५९) या तीन कादंबऱ्या एकत्र तपासणे उद्बोधक ठरते.

ऑर्वेलच्या राज्यात शब्दांचाच उच्छेद आरंभिलेला आहे. शब्द उरला नाही की विचारही उरणार नाही, अशी कोशकार साइमची श्रद्धा आहे. ही कल्पना प्रभावी खरी. परंतु भाषाशास्त्राला ती जशीच्या तशी मान्य होण्याजोगी नाही. एखादा शब्द नाहीसा झाला, तरी भाषिक समाज समासाने, साधिताने किंवा लक्षणेने तो अर्थ पुन्हा घडवितो. कादंबरीच्या अखेरीस जोडलेले नव्या भाषेवरील परिशिष्ट नेहमीच्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेले आहे. त्यावरून त्या भाषेचा पुढे पराभव झाला असावा, असा निष्कर्ष काही समीक्षकांनी काढला आहे. तो निराधार नव्हे.

ब्रॅडबरीच्या कादंबरीत अग्निशामक दलच ग्रंथ जाळते. परंतु दलाचा प्रमुख बीटी याचे स्पष्टीकरण अधिक मर्मग्राही आहे: आरंभ शासनाच्या हुकमाने झालाच नाही, लोकांनी वाचन आधीच सोडले होते. मात्र या निदानास शोभेल असा उपाय लेखकापाशी नाही. अखेरीस भटके विद्वान एकेक ग्रंथ मुखोद्गत करून जपतात. पाठांतराने संहिता टिकते; अर्थ टिकतोच असे नाही. वेदपठण करूनही अर्थ न जाणणाऱ्यास यास्काच्या निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. वाचनाची परंपराच तुटलेल्या समाजात ब्रॅडबरीचे स्मरणवीर याच अवस्थेस पोहोचण्याचा धोका आहे.

हा धोका मिलरने ओळखला. अणुयुद्धानंतर विद्वानांची कत्तल होते, ग्रंथ जाळले जातात आणि उरलेले कागद एक मठ सांभाळतो. लिबोविट्झ या विद्युत्-अभियंत्याचा एक आराखडा फ्रान्सिस नावाच्या साधकाला सापडतो. त्याचा अर्थ न उमगताही तो वर्षानुवर्षे खपून त्याची सुशोभित प्रत तयार करतो. वाटेत लुटारू ती प्रत हिरावून घेतो आणि मूळ कागद साधकाजवळच राहतो. चिन्ह आहे, अर्थ नाही. शोभेला मोल आहे, आशयाला नाही. ज्ञानलोपाचे याहून नेमके चित्र उर्वरित दोन कादंबऱ्यांत नाही. कित्येक शतकांनी मठात विजेचा दिवा पेटतो. परंतु त्यापुढील शतकांत अणुयुद्धही परतते. अर्थ पुन्हा गवसला, विवेक गवसला नाही. १९४४ मध्ये माँते कासिनो येथील मठावर झालेल्या बाँबहल्ल्यात मिलर स्वतः विमानसैनिक म्हणून सहभागी होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तात्पर्य, ज्ञान नष्ट होण्यास आगीची आवश्यकता नसते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद आजही जतन केलेले आहेत. शालेय शिक्षणातून मोडी गेली आणि ते वाचू शकणारे मोजकेच उरले. संहिता आणि वाचक यांच्यामधील दुवा म्हणजे अध्यापन. तो दुवा तुटला म्हणजे ग्रंथालय सुरक्षित राहूनही ज्ञानाचा लोप होतो. मिलरच्या कादंबरीचे महत्त्व आहे ते या जाणिवेत.