पूर सगळ्यांचा, कागद मोजक्यांचे

मिसिसिपी राज्यातला ‘डेल्टा’ म्हणजे नदीच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला तो गाळाचा, कापसाचा पट्टा. जॉन बॅरी यांच्या ‘रायझिंग टाइड’ (१९९७) या पुस्तकात १९२७च्या महापुराची कथा इथे येऊन सगळ्यात टोकदार होते. नुसत्या बांधांनी नदी आवरेल, हा लष्करी अभियंत्यांचा हट्ट किती महाग पडला, हे बॅरी फार छान उलगडतात.

२१ एप्रिलला माउंड्स लँडिंगचा बांध फुटला. ग्रीनव्हिलमध्ये हजारो कृष्णवर्णीय लोक बांधावर अडकले. त्यांना बोटींनी हलवायचं ठरलं होतं. पण गेलेले मजूर परत येणार नाहीत, या धास्तीने मळेवाल्यांनी ते होऊ दिलं नाही. बॅरी हे लपवत नाहीत.

तरी एक गोष्ट खटकते. अभियंते आणि मळेवाले पर्सी बाप-लेक यांना स्वभाव मिळतो, मनातली घालमेल मिळते. बांधावरची माणसं मात्र बहुतेक वेळा गर्दीच राहतात. मला वाटतं, ज्यांची पत्रं उरली तेच पात्रं झाले.

तुमचा विषय ठरवताना हे आधी तपासा: कागद कोणाचे उरलेत? ज्यांचे उरले नाहीत, त्यांच्यापर्यंत कुठल्या वाटेने जाणार?