‘घडविणे’ आणि ‘घडणे’ : ‘स्पोअर’ या खेळाची अध्यापनसाधन म्हणून परीक्षा

१

वर्गात खेळाचा प्रवेश झाला म्हणजे अध्यापन सुलभ होते, असे मानण्याकडे अलीकडे शिक्षणशास्त्राचा कल आहे. हा कल सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु एखादा खेळ अध्यापनाचे साधन म्हणून स्वीकारताना तो विद्यार्थ्यांना रिझवितो काय, एवढे विचारून भागत नाही. खेळता खेळता विद्यार्थी कोणत्या प्रकारचे वाक्य बोलू लागतात, हेही पाहावे लागते. संकल्पना वाक्यांतून रुजतात, आणि वाक्यात कर्त्याची जागा चुकली की शास्त्रही चुकते.

प्रस्तुत लेखात ‘स्पोअर’ या संगणकीय खेळाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. लेखक जीवशास्त्राचा अभ्यासक नाही. ऐतिहासिक भाषाविज्ञान शिकविताना भाषापरिवर्तनाला दृष्टांत म्हणून त्याने हा खेळ वर्गात वापरला आणि तो प्रयोग फसला, एवढाच त्याचा अधिकार आहे. तो का फसला, याची चिकित्सा अध्यापकांना उपयोगी पडेल असे वाटते.

२

विल राइट यांनी रचलेला व मॅक्सिस या संस्थेने तयार केलेला ‘स्पोअर’ २००८ च्या सप्टेंबर महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यातील केवळ प्राणी घडविण्याचा भाग त्याच वर्षी जून महिन्यात स्वतंत्रपणे उपलब्ध झाला होता. खेळाचे पाच टप्पे आहेत : पेशी, प्राणी, टोळी, संस्कृती आणि अवकाश. दुसऱ्या टप्प्यात खेळाडू इतर जातींशी मैत्री करून अथवा त्यांना मारून गुण मिळवितो. या गुणांना खेळात ‘डीएनए’ असे नाव आहे. त्यांच्या बदल्यात तो डोळे, पाय, पंख, तोंडे असे अवयव विकत घेतो आणि आपल्या प्राण्याला ते जोडतो. घरट्यात परतून जोडीदार मिळाला की प्राणी घडविण्याची कार्यशाळा उघडते, आणि पुढची पिढी नव्या देहाने बाहेर पडते.

खेळाचे गुण मान्य केलेच पाहिजेत. खेळाडू किती पायांचा व कोणत्या ठेवणीचा प्राणी बनवील हे आधी ठाऊक नसता तो प्राणी चालला पाहिजे, वाकला पाहिजे, नाचला पाहिजे, ही अडचण रचनाकारांनी आयत्या वेळी हालचालींचे गणित करून सोडविली आहे. देहाची ठेवण आणि हालचाल यांचा संबंध विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर येतो. जीवशास्त्राचे नावही न काढणारा विद्यार्थी तासभर सांध्यांचा आणि तोलाचा विचार करीत बसतो, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि प्रसिद्धीनंतर दोन महिन्यांच्या आतच शंका उपस्थित झाल्या. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात जॉन बोहॅनन यांनी खेळाची परीक्षा घेतली, व उत्क्रांतीच्या विषयात तो अनुत्तीर्ण ठरविला. या निर्णयाशी आमचा वाद नाही. परंतु खेळाने वगळलेल्या तथ्यांची यादी केली म्हणजे दोष संपूर्ण सापडला, असे होत नाही. मूळ दोष तथ्यांच्या अभावात नसून क्रियापदात आहे.

३

मराठीत ‘घडणे’ आणि ‘घडविणे’ ही दोन क्रियापदे शेजारी नांदतात. ‘वि’ हा एक प्रत्यय मध्ये आला की क्रियेला चालविता धनी मिळतो. किंबहुना आपल्या भाषेने याच्याही पलीकडची सोय केली आहे. ‘उजाडले’, ‘सांजावले’ या भावकर्तृक प्रयोगांत निराळा कर्ता नसतोच. क्रियेचा भाव हाच कर्ता. जातींचे परिवर्तन हे या अर्थाने ‘उजाडण्या’च्या जवळचे आहे. पिढीत काही भेद आपोआप उत्पन्न होतात, काही भेदांचे वाहक अधिक संतती मागे ठेवतात, आणि बऱ्याच काळानंतर पाहावे तो जात निराळी झालेली असते. उलट ‘स्पोअर’मध्ये सर्व क्रिया प्रयोजक आहेत : मी पाय बसविले, मी डोळे वाढविले, मी जात बदलली. येथे यादृच्छिक भेद नाहीत, एका जातीत परस्परांहून भिन्न अशा व्यक्ती नाहीत, आणि म्हणून निवड होण्यासारखेही काही नाही. उरतो तो केवळ कारागीर.

ही अडचण खेळाने निर्माण केली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ती शास्त्राच्या परिभाषेत पहिल्यापासून आहे. डार्विनच्या ‘नैसर्गिक निवड’ या शब्दप्रयोगावर, निवड म्हटली की निवडणारा आला, असा आक्षेप त्याच्या हयातीतच घेतला गेला. १८६६ मध्ये वॉलेसने त्याला पत्र लिहून स्पेन्सरचा पर्यायी शब्दप्रयोग सुचविला, आणि १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने तो जोडीला घेतलाही. आपला ‘उत्क्रांती’ हा शब्दही निर्दोष नाही. ‘उत्’ या उपसर्गाने वर चढण्याचा भाव त्यात भरला आहे. पाच टप्प्यांची शिडी चढून पेशीपासून अवकाशयानापर्यंत पोहोचणारा हा खेळ त्या उपसर्गाचे जणू चित्रच काढतो. परंतु गुहेतील अंधारात राहून दृष्टी गमावलेला मेक्सिकोतील मासा वर चढला की खाली उतरला? जीवसृष्टीत असा प्रश्नच संभवत नाही. शिडीवर तो टाळता येत नाही.

४

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला या खेळातील सर्वांत उद्बोधक वस्तू म्हणजे तोंड. प्राण्याने काय खावे आणि त्याला गाता यावे की नाही, हे कोणते तोंड विकत घेतले यावर ठरते. म्हणजे वाणी हा एक तयार अवयव असून तो दुकानात मिळतो. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. फुप्फुसे श्वासासाठी, दात चावण्यासाठी, जीभ चव घेण्यासाठी व घास फिरविण्यासाठी. बोलण्यासाठी म्हणून निराळा अवयव माणसाला मिळालेला नाही. जुन्या अवयवांवर नवे कार्य लादले गेले, ही गोष्ट सपीरने १९२१ मध्येच आपल्या ग्रंथात स्पष्ट केली होती.

जुन्या सामग्रीची ही सक्ती कंठाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूत फार स्पष्ट दिसते. मेंदूकडून निघालेला हा तंतू डाव्या बाजूस थेट स्वरयंत्राकडे न जाता छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर येतो. माशांसारख्या पूर्वजांत हा मार्ग जवळपास सरळ होता. मान लांबत गेली आणि तंतू अडकून पडला. जिराफात हा वळसा कित्येक मीटरांचा आहे. ‘स्पोअर’मधील कोणत्याही प्राण्यात असा तंतू असणे शक्य नाही. कारण तेथे दर पिढीला सारा देह मोडून नव्याने जुळविता येतो. तेथे रचना आहे, पण इतिहास नाही. आणि गंमत अशी की, मेंदूची वाढ पूर्ण होऊन टोळीचा टप्पा सुरू झाला की देह कायमचा गोठतो व केवळ वेषभूषा बदलता येते. म्हणजे आधी अमर्याद मुभा आणि नंतर पूर्ण बंदी. निसर्गात यांपैकी काहीच नाही. तेथे थोडी मुभा सदैव असते.

५

आता आमच्या वर्गाविषयी. संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’, मराठी ‘काम’. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’ ही परिचित परंपरा शिकविण्यापूर्वी लेखकाने विद्यार्थ्यांना दोन तास हा खेळ खेळू दिला. हेतू असा की, हळूहळू होणाऱ्या परिवर्तनाची कल्पना यावी. पुढे उत्तरपत्रिकांत वाक्ये आली ती अशी : “उच्चार सोपा व्हावा म्हणून मराठीने एक व्यंजन काढून टाकले आणि भरपाईसाठी स्वर दीर्घ केला.” कोणी काढले? कोणत्या सभेत ठरले? अशी वाक्ये पूर्वीही येत, हे खरे. परंतु पूर्वी ती अनवधानाने येत. या वेळी त्यांना दृष्टांताचा आधार होता, आणि तो आधार शिक्षकानेच दिला होता. चूक खेळाची नव्हे, योजनेची होती.

मग खेळ वर्गाबाहेर काढावा काय? आमच्या मते नाही. त्याचे स्थान बदलावे. आपल्या शास्त्रपरंपरेत सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची पद्धत आहे, आणि पूर्वपक्ष जितका समर्थ तितका सिद्धान्त पक्का. ‘स्पोअर’ हा अशा प्रकारचा उत्कृष्ट पूर्वपक्ष आहे. विद्यार्थ्यांनी तो खेळावा, आपण काय केले ते लिहून काढावे, आणि मग प्रत्येक प्रयोजक क्रियापदाखाली रेघ ओढून विचारावे : हे वाक्य कर्ता वगळून सांगता येईल काय?

त्यानंतर उत्तरपक्षाची साधने द्यावीत. डॉकिन्सने १९८६ च्या आपल्या पुस्तकासाठी रचलेल्या ‘बायोमॉर्फ’ या आज्ञावलीत भेद यदृच्छेने उत्पन्न होतात. माणूस फक्त त्यांतून निवडतो. निवडणारा डोळा तेथेही उरतो, म्हणून ती पाळीव जनावरांच्या पैदाशीची प्रतिकृती होय. मिशिगन स्टेट विद्यापीठातील ‘अविडा-एड’ या साधनात तोही डोळा जातो. तेथे विद्यार्थी परिस्थिती व भेदांचे प्रमाण ठरवितो आणि हात बाजूला घेतो. स्वतःच्या नकला करणारे, नकलताना चुकणारे संगणकीय जीव पुढे काय होतील ते होतात. ‘स्पोअर’, ‘बायोमॉर्फ’ आणि ‘अविडा-एड’ या क्रमाने कर्ता पायरीपायरीने मागे सरतो. हाच क्रम अध्यापनाचा क्रम व्हावा.

या तिन्हींत ‘स्पोअर’ सर्वांत मनोवेधक आहे आणि ‘अविडा-एड’ सर्वांत रुक्ष, हे नाकारण्यात अर्थ नाही. घडविण्यात आनंद असतो. घडताना पाहण्यास धीर लागतो. विद्यापीठीय शिक्षणाने विद्यार्थ्याला पहिला आनंद नाकारू नये. परंतु दुसरा धीर त्याच्या अंगी बाणविल्याशिवाय त्याला सोडूही नये. राज्य मंडळाच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ वाचून आलेली मुलेच पुढे आपल्या वर्गात बसतात. त्यांच्या तोंडचे ‘घडविले’ हे क्रियापद ‘घडले’ झाले काय, हे ऐकण्याचे काम जीवशास्त्राच्या शिक्षकाइतकेच भाषेच्या शिक्षकाचेही आहे.