‘१६.७ टक्के’ म्हणजे नक्की काय? कोविड आणि हृदयाच्या लयीवरचा एक पेपर

कोविडमुळे हृदयाची लय बिघडते, हे सांगताना अनेक रिव्ह्यू पेपर एकच आकडा देतात: १६.७ टक्के. तो आला फेब्रुवारी २०२० मध्ये ‘जामा’त छापलेल्या, वुहानच्या झोंगनान हॉस्पिटलमधल्या अभ्यासातून. १३८ रुग्ण, त्यांतल्या २३ जणांना अ‍ॅरिदमिया. साथ ऐन भरात असताना एवढा डेटा महिन्याभरात मांडणं सोपं नव्हतं, हे आधी मान्य करू. पण तक्ता जरा सावकाश वाचा.

पहिला प्रश्न: अ‍ॅरिदमिया कोणता? पेपर सांगत नाही. एट्रियल फिब्रिलेशन आणि व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया यांची कारणं वेगळी, धोकाही वेगळा. सगळे प्रकार एकाच ओळीत मोजले की ‘हे कसं घडतं’ यावर बोलायला जागाच उरत नाही.

दुसरा: हे २३ जण होते कुठे? आयसीयूतल्या ३६ पैकी १६, बाहेरच्या १०२ पैकी ७. म्हणजे ४४.४ विरुद्ध ६.९ टक्के. हा फरक विषाणूचा की गंभीर आजारपणाचा? आयसीयूतल्या रुग्णाचा ऑक्सिजन कमी असतो, शरीरभर दाह असतो, पोटॅशियम वरखाली होतं. शिवाय तिथे मॉनिटर चोवीस तास चालू असतो. जिथे सतत पाहतो, तिथे जास्त सापडणारच.

तिसरा: औषधं कोणती चालू होती? ६४.४ टक्के रुग्णांना मोक्सिफ्लोक्सासिन दिलं होतं. हे औषध ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबवतं. इतकं खात्रीनं, की नव्या औषधांच्या क्यूटी चाचणीत तुलनेसाठी हेच वापरतात.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटानं ७०० रुग्णांचा अभ्यास छापला आणि प्रकार वेगवेगळे मोजले. २५ जणांना नव्यानं एट्रियल फिब्रिलेशन झालं. कार्डिअ‍ॅक अरेस्ट नऊ जणांना, आणि नऊही जण आयसीयूतले. एकट्या विषाणूपेक्षा एकूण आजाराचा परिणाम असण्याची शक्यता जास्त, असा त्यांचा निष्कर्ष.

म्हणून विषाणू निर्दोष ठरत नाही. पण त्याचा वाटा वेगळा काढायचा तर तितक्याच गंभीर इन्फ्लुएंझाच्या रुग्णांशी तुलना हवी, तीही सारख्याच मॉनिटरिंगखाली. वुहानच्या पेपरात तुलनेचा असा गट नाही. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये १६.७ टक्के जरूर लिहा, फक्त ‘विषाणूमुळे’ हा शब्द त्याला जोडू नका. मूळ पेपरनं तो सिद्ध केलेला नाही.