दान आणि संपादन : ‘गॉड ऑफ वॉर’मधील मेडूसाचे शिर

देवतेने दिलेली शक्ती घेणाऱ्याची होते, की ती अखेरपर्यंत देणाऱ्या देवतेचीच राहते? ग्रीक पुराणकथांनी हा प्रश्न अनेक प्रकारे हाताळला आहे. व्हिडिओ गेम या नव्या माध्यमानेही तो हाताळला असून, त्याचे उत्तर देताना हे माध्यम स्वतःशीच विसंगत होते, असे आम्हांस वाटते. विवेचनासाठी येथे ‘गॉड ऑफ वॉर’ हा सांता मोनिका स्टुडिओने निर्माण केलेला व डेव्हिड जॅफी यांनी दिग्दर्शित केलेला २००५ सालचा खेळ घेतला आहे. आणि त्यातील देवदत्त शक्तींपैकी मेडूसाच्या शिराचा विचार प्राधान्याने केला आहे. असा खेळ वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, या वादात येथे शिरावयाचे नाही. जेथे कथा आहे, नायक आहे आणि त्या नायकाचा अधःपात आहे, तेथे समीक्षेला प्रवेश आहे, एवढे गृहीत धरले म्हणजे पुरे.

कथेचा नायक क्रेटॉस हा स्पार्टाचा सेनानी. रणांगणावर मृत्यू समोर दिसू लागताच तो युद्धदेव एरीसचा धावा करतो आणि विजयाच्या मोबदल्यात आपले जीवितच त्याला अर्पण करतो. एरीस त्याला साखळ्यांनी जोडलेली दोन पाती देतो. पुढे त्याच देवाच्या सेवेत असता क्रेटॉसच्या हातून, नकळत, स्वतःच्याच पत्नीची व कन्येची हत्या होते आणि त्यांची राख त्याच्या त्वचेला कायमची चिकटते. या स्मृतीपासून सुटका मिळावी म्हणून तो दहा वर्षे इतर देवांची कामे करतो. अखेरीस अथीना त्याच्यावर एरीसच्या वधाची कामगिरी सोपविते. या कामगिरीच्या वाटेवर त्याला पोसायडन, ॲफ्रोडायटी, झ्यूस आणि हेडीस या चार देवतांकडून चार मंत्रशक्ती प्राप्त होतात.

त्यांपैकी दुसरी शक्ती मेडूसाच्या शिराची. ॲफ्रोडायटी प्रकट होऊन मेडूसाचा वध करण्यास सांगते. क्रेटॉस तिचे मस्तक पिळवटून धडावेगळे करतो. आणि ते मस्तक तेव्हापासून त्याचे आयुध बनते. खेळाडूने कळ दाबून धरली की शिरातून किरण निघतात, समोरचा शत्रू पाषाण होतो, आणि त्याबरोबर पडद्यावरील निळी पट्टी कमी होत जाते. पट्टी संपली की शक्ती थांबते. निळे गोलक मिळाले की ती पुन्हा भरते. तांबडे गोलक साठवून हीच शक्ती वरच्या स्तरावर नेता येते. चारही देवतांची चार दाने या एकाच पट्टीतून खर्च होतात, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. देणारे चार, परंतु भांडार एक. आणि ते भांडार नायकाच्या मालकीचे.

दानावर दात्याची मुद्रा उरलेली नाही, हे अन्य रीतीनेही दिसून येते. पोसायडनने दिलेला कोप विजेच्या रूपाने प्रकट होतो. ग्रीक परंपरेत हा देव सागराचा आणि भूकंपाचा. वीज ही झ्यूसची. पाषाण करणाऱ्या शिराशी ॲफ्रोडायटीचा संबंध तर याहूनही दूरचा. ज्या देवतेचा अधिकार प्रेमावर आणि कामावर, तिने असे दान का द्यावे, याचे कारण तिच्या स्वभावात कोठेच सापडत नाही. क्षेमेंद्राने सांगितलेल्या औचित्याच्या कसोटीवर ही दोन्ही स्थळे टिकणार नाहीत.

याउलट अपोलोडोरसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संग्रहातील पर्सियसची कथा पाहावी. पर्सियसलाही साधने मिळतात : वनदेवतांकडून पंख असलेली पादत्राणे, एक पिशवी आणि अदृश्य करणारे हेडीसचे शिरस्त्राण, हर्मिसकडून विळा. अथीना त्याच्या हाताला दिशा देते. शिर हाती आल्यावर तो त्याचा उपयोगही करतो. परंतु तो मोजक्या प्रसंगी, फिनियस किंवा पॉलिडेक्टीस यांसारख्या प्रतिपक्ष्यांविरुद्ध. आणि कार्य संपताच तो सर्व परत करतो. पादत्राणे, पिशवी व शिरस्त्राण हर्मिसच्या हस्ते वनदेवतांकडे जातात. शिर अथीनेला मिळते आणि ती ते आपल्या ढालीच्या मध्यभागी बसविते. पर्सियसचे मोठेपण शक्ती मिळविण्याइतकेच ती परत करण्यातही आहे. अशा परतीमुळेच तो पुढे माणूस म्हणून जगू शकतो.

आपल्या वाचकांना येथे महाभारताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. गांडीव धनुष्य वरुणाचे. अग्नीच्या मध्यस्थीने ते अर्जुनाला मिळाले. महाप्रस्थानाच्या वेळी अग्नी पुन्हा समोर येतो, ते परत मागतो, आणि अर्जुन ते जलात विसर्जित करतो. त्यापूर्वीच, मौसलपर्वात, आभीरांशी लढताना त्याला आपल्या अस्त्रांचे स्मरण होईनासे झाले होते. दोन्ही परंपरा स्वतंत्र आहेत, आणि त्यांत परस्परप्रभाव शोधण्याचे कारण नाही. तथापि देवाचे शस्त्र ही माणसाजवळची ठेव होय, ही जाणीव दोहोंत सारखीच आढळते. मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशी दानाची तीन बंधने सांगितली. ‘गॉड ऑफ वॉर’मधील मेडूसाच्या शिराला पहिली दोन आहेत, तिसरे नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हा दोष नसून माध्यमाचा धर्म आहे. खेळाडूला उत्तरोत्तर अधिक सामर्थ्य मिळाले नाही, तर खेळ पुढे जाणार कसा? आक्षेपात तथ्य आहे. परंतु याच खेळात दुसऱ्या प्रकारचे दानही आहे, आणि तेथे ग्रीक कल्पना पूर्णपणे जिवंत आहे. एरीसच्या पात्यांच्या साखळ्या क्रेटॉसच्या बाहूंत जळून रुतलेल्या आहेत. या दानाची किंमत त्याने आपल्या जीविताने मोजली, आणि त्याचे व्याज त्याच्या कुटुंबाने भरले. म्हणजे देणारा घेणाऱ्याला बांधून ठेवतो, हे निर्मात्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी ते कथेत ठेवले, नियमांत ठेवले नाही. कथा सांगते की शक्ती हे बंधन आहे; खेळाडूची बोटे मात्र, प्रत्येक तांबड्या गोलकाबरोबर, ती मिळकत आहे असे शिकत जातात. पाती आणि शिर यांची वाढ एकाच गोलकांनी होते; शापित दान आणि निःशुल्क दान यांत हिशेबाला भेद कळत नाही.

हा विसंवाद एका प्रसंगी नाहीसा होतो. अंतिम युद्धात एरीस क्रेटॉसला त्याच्या पत्नी-कन्येच्या आभासापुढे उभे करतो. तो त्यांचे रक्षण करू पाहतो; आणि मग एरीस त्याच्या हातांतून पाती उपटून घेतो, सर्व मंत्रशक्ती हिरावून नेतो व त्याच पात्यांनी त्या दोघींचा पुन्हा अंत घडवितो. येथे प्रथमच कथा आणि नियम एक होतात. जे तासन्‌तास साठविले, वाढविले, आपले मानले, ते आपले नव्हते, हे क्रेटॉसला कळते त्याच क्षणी खेळाडूलाही कळते. ॲरिस्टॉटलने ज्याला स्थितिविपर्यय म्हटले व ज्याच्याशी अभिज्ञानाचा योग श्रेष्ठ मानला, तो योग येथे प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे नव्हे, तर त्याच्या हातांत घडतो. हे नाटकाला किंवा महाकाव्याला साधण्याजोगे नाही. या माध्यमाचे स्वतःचे असे करुण कोठे संभवते, याचा हा पुरावा होय.

दुर्दैवाने हा परिणाम फार काळ टिकविलेला नाही. लगेच एक प्रचंड खड्ग नायकाच्या हाती येते आणि एरीस मारला जातो. देव त्याच्या पापांची क्षमा करतात, दुःस्वप्ने मात्र दूर करीत नाहीत. आणि शेवटी त्याला युद्धदेवाचे रिक्त सिंहासन मिळते. त्यापुढील भागांत तर शक्तिहरण ही सोय होऊन बसते. २००७ सालच्या दुसऱ्या भागात आरंभीच झ्यूस त्याला आपले देवत्व एका खड्गात ओतावयास लावून फसवितो. २०१० सालच्या तिसऱ्या भागात स्टिक्स नदी त्याचे बळ शोषून घेते. खेळाडूने पुन्हा शून्यापासून साठा करावा, यासाठी ही योजना. पहिल्या भागात जी शोकांतिकेची परमावधी होती, ती येथे प्रारंभीची औपचारिकता ठरते.

ईस्किलसच्या ‘बद्ध प्रोमीथियस’ नाटकात क्रेटॉस याच नावाचे एक पात्र आहे. तेथे तो मूर्तिमंत बळ असून झ्यूसच्या आज्ञेने दुसऱ्याला शृंखलाबद्ध करवितो. बळ हे कोणाचे तरी चाकर असते, हा त्या पात्राचा अर्थ. या खेळातील त्याचा नामबंधू शृंखला स्वतःच्याच बाहूंवर वागवितो, आणि तरीही बळ आपले आहे असे समजतो. मेडूसाचे शिर त्याच्याकडून कोणी परत मागत नाही, आणि त्याला ते परत करण्याची बुद्धीही होत नाही. पर्सियस ज्या दाराने सुखरूप बाहेर पडला, ते दार क्रेटॉससाठी खेळाच्या नियमांनीच बंद करून ठेवले आहे.