आठ सेकंदांचा सूर

जेनेसिस या इंग्लिश बँडची गोष्ट बहुतेक वेळा एका अधःपाताची गोष्ट म्हणून सांगितली जाते. 1972 साली ‘सपर्स रेडी’सारखं तेवीस मिनिटांचं गाणं रचणारी ही मंडळी 1986 मध्ये ‘इन टू डीप’सारखी गुळगुळीत प्रेमगीतं विकू लागली, आणि या घसरणीला जबाबदार कोण, तर ड्रमवरून उठून माईकसमोर आलेला फिल कॉलिन्स. ही कथा सांगायला सोपी आहे. एक खलनायक मिळतो आणि बाकीचे सुटतात. पण बँडचे अल्बम ओळीनं ऐकताना गायकाऐवजी कीबोर्डकडे कान लावला, तर वेगळंच काही ऐकू येतं. गायक बदलले, गिटारवादक गेला, निर्माते बदलले, तरी 1967 पासून शेवटपर्यंत कीबोर्डवर टोनी बँक्सच होता आणि बँडची स्वररचना मुख्यतः त्याच्याच बोटांतून येत होती. माझं म्हणणं असं, की जेनेसिसचं प्रेमगीतांकडे वळणं आधी बँक्सच्या वाद्यांत घडलं आणि मग गाण्यांत उतरलं. ज्या दिवशी त्याच्या हाताखालचा सूर न थकता टिकू लागला, त्या दिवशी त्या सुरावर निवांत टेकणारं गाणं जवळजवळ ठरूनच गेलं.

सुरुवात मेलोट्रॉनपासून करायला हवी. हे वाद्य म्हणजे एक विक्षिप्त यंत्र. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर कुणीतरी खरोखर वाजवलेलं व्हायोलिन, ब्रास किंवा बासरी ध्वनिमुद्रित केलेली असते. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते आणि सुमारे आठ सेकंदांनी संपते. बोट उचललं की स्प्रिंग टेपला मागे ओढून घेते. म्हणजे सूर आठ सेकंदांचाच. शिवाय टेप आणि मोटर दोन्ही लहरी, त्यामुळे सगळे सूर एकमेकांशी नेमके जुळतीलच याची खात्री नाही. ‘फॉक्सट्रॉट’ (1972) या अल्बमच्या आरंभीचं ‘वॉचर ऑफ द स्काइज’चं प्रास्ताविक या दोषांतूनच जन्मलं. त्या मेलोट्रॉनवर काही कॉर्ड्स बेसूर वाजत, काही मात्र विलक्षण भारदस्त लागत. बँक्सनं त्या भारदस्त कॉर्ड्स हेरल्या आणि त्यांच्याभोवती ते गंभीर, चर्चच्या घुमटाखाली उभं राहिल्यासारखं दालन उभारलं. इथे वाद्याची मर्यादा हीच रचनेची दिशा ठरते. सूर संपणारच आहे, तर हात हलवायला हवा. हात हलला की स्वरसंगती बदलते, आणि स्वरसंगती बदलली की गाणं एका ठिकाणी बसून राहू शकत नाही.

त्या काळातली बँक्सची इतर वाद्यंही अशीच कुठे ना कुठे अडलेली होती. आरएमआय या इलेक्ट्रिक पियानोला स्पर्शाची जाण नव्हती. हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. म्हणून ‘फर्थ ऑफ फिफ्थ’चं पियानोवरचं अप्रतिम प्रास्ताविक रेकॉर्डवर राहिलं आणि मंचावर बहुधा गळलं. पण याच पियानोवर चढत्या-उतरत्या स्वरांची जी जाळी त्यानं ‘द लॅम्ब लाइज डाऊन ऑन ब्रॉडवे’ (1974) मध्ये विणली, तिच्याशिवाय ‘कार्पेट क्रॉलर्स’ची कल्पनाच करता येत नाही. आवाजात चढउतार नाही, म्हणून स्वरांच्या हालचालीत चढउतार आणायचा, हा तो मार्ग. एआरपी प्रो सोलोइस्ट एका वेळी एकच सूर काढायचा. साहजिकच त्यातून कॉर्ड्स निघाल्या नाहीत, एकेरी, गाण्यासारखी लांब धून निघाली. ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (1973) मधल्या ‘द सिनेमा शो’चा उत्तरार्ध हा तिचा सर्वोत्तम नमुना. सात मात्रांचं चक्र, आपल्याकडच्या कानांना रूपकामुळे अजिबात अनोळखी न वाटणारं, आणि त्यावर फक्त तिघं: बँक्स, माईक रदरफर्ड आणि कॉलिन्स. पुढे ज्या तिघांवर पॉपचा शिक्का बसला तेच तिघं.

इथे एक आक्षेप लगेच निघतो. हॅमंड ऑर्गन तर बँक्सजवळ सुरुवातीच्या वर्षांपासून होता आणि त्याचा सूर हवा तितका वेळ टिकतो. मग टिकाऊ सुरानं गाणं बसकं होतं, हे कसं मानायचं? आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे मला माझं विधान थोडं आवळून मांडावं लागेल. ऑर्गनचा सूर टिकतो खरा, पण टिकताना तो आतून फारसा हलत नाही. वाजवणाऱ्यानंच त्याला हलवावं लागतं. ‘सपर्स रेडी’मध्ये बास आणि ड्रम नऊ मात्रांचा एकच हट्टी ठेका धरून बसतात आणि बँक्सचा ऑर्गन त्याची फिकीर न करता आपल्या वाटेनं निघतो, तो भाग या दृष्टीनं ऐकावा. तिथे ऑर्गन हे बोलणारं पात्र आहे. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आलेले बहुस्वरी सिंथेसायझर वेगळे. त्यांत धरून ठेवलेली कॉर्ड आपोआप फुलते, थरथरते, उजळते, मावळते. वादकानं काही केलं नाही तरी काहीतरी घडतंय असं वाटत राहतं. फरक पडतो तो इथे.

1977 साली स्टीव्ह हॅकेट बाहेर पडला. त्याची गिटार हे जेनेसिसमधलं दुसरं लांब सुरांचं वाद्य होतं. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ची धून तीच पुढे नेते. ती जागा भरायची कशी? रदरफर्ड मुळात बासवादक, त्यानं लीड गिटारही अंगावर घेतली, पण भिंतीला लागणारा गिलावा बँक्सलाच द्यावा लागला. नेमका त्याच सुमारास पॉलिमूग त्याच्या हाती आला होता: ज्याच्या सगळ्या पट्ट्या एकाच वेळी दाबल्या तरी सगळ्या वाजतात असा सिंथेसायझर. 1978 च्या ‘अँड देन देअर वेअर थ्री’ या अल्बमवर त्याचा दाट, किंचित धुरकट आवाज सर्वत्र पसरलेला आहे. याच अल्बमच्या शेवटी ‘फॉलो यू फॉलो मी’ येतं. ब्रिटनमध्ये ते सातव्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेत तेविसाव्यापर्यंत पोचलं, बँडचं पहिलं खरं मोठं यश. चाल तिघांनी मिळून वाजवता वाजवता सापडलेली, शब्द रदरफर्डचे. कॉलिन्सचा पहिला एकट्याचा अल्बम ‘फेस व्हॅल्यू’ यायला अजून तीन वर्षं होती.

खलनायकाचा सिद्धांत इथेच डळमळतो, पण तो पूर्ण निकालात काढण्याआधी आणखी मागे जायला हवं. ‘विंड अँड वदरिंग’ (1976) वरचं ‘आफ्टरग्लो’ हे निखळ प्रेमगीत बँक्सचं. 1978 चं ‘मेनी टू मेनी’ही बँक्सचंच. ‘अ ट्रिक ऑफ द टेल’वरचं ‘रिपल्स’ बँक्स आणि रदरफर्ड यांचं. आणि मुळात चार्टरहाउसच्या या शाळकरी पोरांनी 1968 साली पहिली एकेरी रेकॉर्ड काढली ती ‘द सायलेंट सन’, जेमतेम सव्वादोन मिनिटांचं, व्हायोलिनांत बुडवलेलं प्रेमगीतच. म्हणजे भावगीत ही त्यांची माहेरची वाट, बाहेरून शिरलेली कीड नव्हे. मला तर हॅकेट आणि कॉलिन्सच्या आधीचा गायक पीटर गॅब्रिएल यांच्या सहवासातली मधली पाच वर्षं हीच अपवादाची वाटतात. कॉलिन्सनं काय केलं, तर त्या वाटेला एक साधा, थेट, घरगुती आवाज दिला. तो आवाज लोकांना आवडला. त्यात गुन्हा कसला?

तरी 1978 नंतर काही बिनसलंच नाही असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. बिनसलं, पण सगळे म्हणतात तिथे नाही. लांबी हरवली असं म्हणतात, ते खरं नाही. ‘ड्यूक’ (1980) ची निम्मी गाणी मुळात सुमारे अर्ध्या तासाची सलग रचना होती. ‘सपर्स रेडी’शी तुलना होऊ नये म्हणून ती मुद्दाम तोडून अल्बमभर विखुरली गेली. तिचाच एक तुकडा ‘टर्न इट ऑन अगेन’ तेरा मात्रांच्या चक्रात बांधलेला आहे आणि तो ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेला. तेरा मात्रांवर नाचू पाहणारे लोक कुठेतरी अडखळले असणार, पण रेकॉर्ड विकत घेणं त्यांनी थांबवलं नाही. गुंतागुंत विकली जात नाही या समजाला यापेक्षा चांगलं उत्तर सापडणार नाही.

हरवले ते सांधे. जुन्या जेनेसिसचं खरं कौशल्य एका भागातून दुसऱ्या भागात शिरण्यात होतं. एक कॉर्ड वळते, ऑर्गन क्षणभर गप्प होतो, आणि बघता बघता आपण दुसऱ्याच खोलीत असतो. 1981 मध्ये बँडनं जुन्या खुणा टाळायचं ठरवून ‘अबॅकॅब’ केला. सरेतल्या स्वतःच्या स्टुडिओतलं हे पहिलं काम. या अल्बमच्या नावातच बदल लिहिलेला आहे: ए, बी आणि सी असे तुकडे पाडून ते कोणत्या क्रमानं वाजवायचे याची ती अक्षरं. पुढे क्रम बदलला, नाव तसंच राहिलं. तुकडे आता एकमेकांना चिकटवले जाऊ लागले, एकमेकांत वितळेनासे झाले. ड्रम मशीननं ही सवय पक्की केली. ‘ड्यूक’वरच्या ‘डचेस’च्या आरंभी ते कोवळं टिकटिकत येतं, तेव्हा छान वाटतं. 1983 च्या ‘मामा’मध्ये त्याचाच क्रूर, धातूसारखा ठेका पूर्ण गाण्याला वेठीला धरतो, आणि बँक्सचे जड, हळूहळू जवळ येणारे सूर त्यावर धुक्यासारखे उतरतात. ‘मामा’ ही थोर कृती आहे यात मला शंका नाही. पण यंत्र न थकता ठेका देतं, सिंथेसायझर न थकता सूर धरतो, तेव्हा पुढे सरकण्याची सक्ती कुणावरच उरत नाही. गाणं भरतं, फुगतं, पण वळत नाही.

या काळातही बँक्सची एक मूळ सवय मात्र सुटली नाही. खाली बासचा एकच सूर धरून ठेवायचा आणि वर कॉर्ड्स बदलत राहायच्या, ही ती सवय. मराठी श्रोत्याला हे समजावून सांगायची गरज नाही. तानपुऱ्याचा षड्ज अढळ असतो म्हणूनच वरच्या प्रत्येक स्वराचा ताण जाणवतो. फरक इतकाच, की आपल्याकडे वर एकेरी स्वर फिरतो आणि बँक्सकडे तीन-चार स्वरांचे गुच्छ. ‘वॉचर ऑफ द स्काइज’पासून ‘मामा’पर्यंत हा धागा अखंड आहे, आणि बँक्सचं उत्तम प्रेमगीत आणि त्याचं सामान्य प्रेमगीत यांतला भेद मी याच कसोटीवर करीन. ‘आफ्टरग्लो’मध्ये कॉर्ड्स शब्दांच्या खाली सतत सरकत असतात, त्यामुळे एकच कबुली प्रत्येक वेळी वेगळ्या उजेडात दिसते. ‘इनव्हिजिबल टच’ (1986) वरच्या ‘इन टू डीप’मध्ये किंवा पाच वर्षांनी आलेल्या ‘होल्ड ऑन माय हार्ट’मध्ये कीबोर्ड हा गालिचा आहे. मऊ, महागडा, आणि पायाखालचा. तो काही बोलत नाही. गायकानं जे सांगितलं तेच पुन्हा हळू आवाजात सांगतो. ‘इनव्हिजिबल टच’मधली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत गेली, आणि त्याच अल्बमवर दहा मिनिटांचं ‘डॉमिनो’ही आहे, गायनाशिवायचं चमत्कारिक ‘द ब्राझिलियन’ही आहे. बँक्स विसरला नव्हता. त्यानं कामाची वाटणी केली: विचार लांब गाण्यांत, प्रेम छोट्या गाण्यांत. माझी तक्रार या वाटणीबद्दल आहे, कारण ‘आफ्टरग्लो’मध्ये ती नव्हती.

दुसरा मोठा आक्षेप असा, की मी यंत्रांना फार मोठं श्रेय देतो आहे. तेच सिंथेसायझर बाजारात सगळ्यांनाच मिळत होते. किंग क्रिमसन या बँडनं 1981 मध्ये ‘डिसिप्लिन’ करताना कीबोर्डवादकच ठेवला नाही आणि दोन गिटारांची काटेकोर वीण घातली. यस या बँडचं 1983 चं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ 1984 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण ते गाणं गिटारचं आणि स्टुडिओतल्या कापाकापीचं आहे. मग वाद्यानं वाट ठरवली असं कसं म्हणता? पण ही उदाहरणं माझ्याच बाजूनं बोलतात. क्रिमसननं कीबोर्डचा टिकाऊ सूर दारातच अडवला आणि भावगीत जवळजवळ बाहेरच राहिलं. यसचा पॉप हा झटक्यांचा पॉप झाला, उसाशांचा नाही. ज्या बँडच्या केंद्रस्थानी कॉर्ड्सवर जीव टाकणारा कीबोर्डवादक होता, तोच संथ प्रेमगीताच्या दिशेनं सर्वांत दूर गेला. वाद्य हुकूम देत नाही. ते फक्त एक उतार तयार करतं आणि कोण त्या उतारावर उभा आहे यावर पुढचं अवलंबून असतं.

1991 च्या ‘वी कान्ट डान्स’चं शेवटचं गाणं ‘फेडिंग लाइट्स’. शब्द बँक्सचे, लांबी दहा मिनिटांची. सुरुवातीला ड्रम मशीनची हलकी टिकटिक, तिच्यावर पसरलेले मऊ सूर आणि कॉलिन्सचा जवळून आलेला आवाज. कुणाही रेडिओवाल्यानं डोळे मिटून लावावं असं प्रेमगीत. मग गाणं थांबतं, खरे ड्रम येतात, आणि तिघं पाचेक मिनिटं फक्त वाजवतात. बँक्सचा कीबोर्ड गालिच्यावरून उठून चालू लागतो, कॉर्ड्स वळतात, एकेरी धून वर चढते, 1973 सालच्या ‘द सिनेमा शो’ची आठवण व्हावी अशी. त्यानंतर तीच टिकटिक परत येते आणि गायक उरलेलं कडवं म्हणतो. शब्द जवळपास आधीच्याच सुरातले आहेत, चाल तीच आहे, पण मधल्या त्या मिनिटांनंतर ती कानाला तीच लागत नाही. कॉलिन्सबरोबर जेनेसिसनं केलेल्या शेवटच्या स्टुडिओ अल्बमचा शेवटचा सूर तो. हळूहळू विरत जातो, आणि इथे मात्र तो संपतो.